टाकी आणि अंतेवासी : वेरूळ-परिसरांतील शिल्पशिक्षणाचा विचार

१

वेरुळच्या कैलास लेण्याविषयीं आजपर्यंत विपुल लेखन झालें आहे. तें कोणी खोदविलें, केव्हां खोदविलें, काम किती पिढ्या चाललें, या प्रश्नांचा ऊहापोह विद्वानांनीं शंभर-दीडशें वर्षें केला. परंतु तें खोदणारा हात शिकला कसा, आणि शिकतांना तो हात शाबूत राहिला कसा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांतील वेरूळ, अजिंठा व पितळखोरें येथील लेणीं, घाटाच्या पायथ्याचें कोंडाणें, आणि धर्मशास्त्र, शिल्प व संहिता या विषयांवरील संस्कृत ग्रंथ हीं या विचाराचीं साधनें होत.

हा प्रश्न मागें पडण्याचें कारण उघड आहे. कैलास पाहणारा मनुष्य प्रथम विस्मित होतो, आणि विस्मय हा चौकशीचा वैरी आहे. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेंतील कर्कराज सुवर्णवर्ष याचा शके ७३४ (इ. स. ८१२-१३) चा बडोदें येथील ताम्रपट प्रसिद्ध आहे. कृष्णराजानें एलापुरास उभविलेल्या शिवालयाचें वर्णन त्यांत येतें. विमानांतून जाणारे देव तें पाहून हें मनुष्याचें काम नव्हे, स्वयंभू स्थान आहे असें म्हणतात. आणि तें निर्माण करणारा शिल्पीहि दुसरें तसें करण्याचें सामर्थ्य आपल्या ठायीं न दिसल्यामुळें, हें माझ्या हातून झालें तरी कसें, म्हणून चकित होतो, असा त्या श्लोकांचा आशय. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं हें वर्णन वेरुळच्या कैलासाचें म्हणून ओळखविलें, तेव्हांपासून या लेण्याचा कर्ता राष्ट्रकूट पहिला कृष्ण (इ. स. ७५६ ते ७७३ च्या सुमारास) हा मानण्यांत येतो.

दुसरी कथा मराठी आहे. कृष्ण याज्ञवल्की याच्या ‘कथाकल्पतरू’ या ग्रंथांत एलु राजाची राणी माणिकावती हिनें देवालयाचें शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न न घेण्याचा नेम केला, आणि पैठणचा कोकस नांवाचा कारागीर पुढें येऊन त्यानें वरून काम आरंभून आठवड्यांत तें दाखविलें, असें सांगितलें आहे. या कथेंत एक मार्मिक निरीक्षण दडलेलें आहे, त्याकडे पुढें येऊं. येथें एवढेंच पाहावयाचें कीं ताम्रपटांतील शिल्प्याला स्वतःचें काम आठवत नाहीं, आणि कथेंतल्या कोकसाला तें शिकावें लागत नाहीं. काम पुरें होण्यास सात दिवस. शिकण्यास एकहि नाहीं.

जैन वाङ्मयांत मात्र कोकसाच्याच नांवाचा एक कारागीर शिकतांना आढळतो. आवश्यकचूर्णींत अशी कथा आहे कीं सोपाऱ्याच्या एका रथकाराच्या दासीचा हा मुलगा मुक्यासारखा बसून असे. रथकार आपल्या मुलांना विद्या शिकवी; तीं मंदबुद्धि निघालीं, आणि बाजूस बसून पाहणाऱ्या या दासीपुत्रानें ती सगळी उचलली. हा कोक्कस आणि पैठणचा कोकस एकच, असें म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. पण कारागिराची विद्या ही मुख्यतः डोळ्यांनीं, आणि ती जाणणाऱ्याच्या शेजारीं बसून मिळते, हें त्या कथाकाराला ठाऊक होतें. वेरुळचा विचार याच बाजूनें केला पाहिजे.

२

शिल्प शिकणाऱ्याचा उल्लेख कोरीव लेखांत क्वचितच यावा हें स्वाभाविक आहे. कारण लेख बहुधा दात्यांचे असतात. तरीहि तो सांपडतो. कर्जतजवळ कोंडाणें येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एका भग्न मूर्तीच्या मस्तकाशेजारीं ब्राह्मी लिपींत एक ओळ आहे. कण्ह म्हणजे कृष्ण, त्याचा अंतेवासी बलक यानें हें केलें, एवढाच तिचा अर्थ. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या या ओळींत राजाचें नांव नाहीं, दात्याचें नाहीं. करणाऱ्याचें आहे, आणि करणाऱ्यानें आपल्या नांवाआधीं गुरूचें नांव घातलें आहे.

‘अंतेवासी’ हा शब्द येथें नीट पाहण्यासारखा आहे. अंते म्हणजे जवळ, वासी म्हणजे राहणारा. वैयाकरण याला अलुक् समास म्हणतात. समास झाला तरी पूर्वपदाची सप्तमी लोप पावत नाहीं. शब्दांत जवळपणा जसा टिकून राहिला, तसाच तो विद्येंतहि राहावा लागतो. पाठांतराची विद्या दुरून ऐकूनहि येईल; पण टाकी किती तिरपी धरावी, घाव कोठें आंखडावा, दगडाचा आवाज केव्हां बदलला, हें हातभर अंतरावरूनच कळतें. नवशिक्याचा चुकणारा हात वेळेवर धरतां येतो तोहि तेवढ्याच अंतरावरून.

असा शिष्य आणि त्याचा गुरु यांच्यामधील करार हा धर्मशास्त्रकारांनीं व्यवहारांत, म्हणजे न्यायप्रकरणांत घेतला आहे. याज्ञवल्क्य सांगतो कीं शिल्प शिकून झालें तरी ठरलेली मुदत संपेपर्यंत अंतेवासीनें गुरूच्या घरींच राहावें. अन्न गुरूनें द्यावें, आणि शिष्याच्या कामाचें फळ गुरूस मिळावें. नारद गुरूच्या बाजूचें बंधन सांगतो: त्यानें शिष्यास आपल्या घरीं जेवूं घालून शिकवावें, दुसरें काम करवूं नये, आणि त्याला पुत्राप्रमाणें वागवावें. कात्यायन त्याहून पुढें जातो. पांडुरंग वामन काणे यांनीं १९३३ सालीं कात्यायनाचीं विखुरलेलीं वचनें एकत्र करून प्रसिद्ध केलीं. त्यांत असें एक वचन आहे कीं जो गुरु शिल्प न शिकवितां शिष्याला इतर कामांस लावतो त्याला प्रथम साहसाचा दंड व्हावा, आणि शिष्य त्या करारांतून मोकळा व्हावा.

ग्रंथांत नियम असणें आणि तो पाळला जाणें या भिन्न गोष्टी होत, हें मान्य आहे. उलट, दंड सांगावा लागला यावरूनच कांहीं गुरु शिष्यांना ओझीं वाहण्यास जुंपीत असावेत हें दिसतें. परंतु तत्त्व स्पष्ट आहे. शिकणाऱ्याच्या श्रमाचें फळ जो घेतो, त्याच्यावर त्याच्या पोटाची आणि शरीराची जबाबदारी येते. ‘पुत्राप्रमाणें’ या एका शब्दांत आजच्या कित्येक नियमावल्यांचा आशय येऊन गेला आहे. कोणताहि बाप आपल्या मुलाच्या हातीं पहिल्या दिवशीं घण देणार नाहीं.

पहिल्या दिवशीं हातीं काय देत असतील, याची दिशा दक्षिणेकडील ‘मयमत’ या शिल्पग्रंथावरून कळते. त्यांत शिल्पकारांच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: स्थपति, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी. स्थपति हा सर्व कामाचा धनी, सूत्रग्राही हा त्याचा पुत्र किंवा शिष्य, मापें घेण्यांत कुशल, तक्षक तासणारा, वर्धकी तासलेलें जोडून उभें करणारा. वेरुळचे कारागीर मयमत वाचून काम करीत होते, असें मला म्हणावयाचें नाहीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ज्या शिष्याला पुढें स्थपति व्हावयाचें, त्याला ग्रंथकारानें सूत्रावरून, म्हणजे मापाच्या दोरीवरून, नांव दिलें आहे, टाकीवरून नव्हे. आमच्या गवंड्यांचा ओळंबा हा संस्कृत ‘अवलंब’च होय. आधीं दोरी, मग टाकी, हा क्रम भाषेनेंहि जपून ठेविला आहे.

याच जिल्ह्यांतील एक उदाहरण येथें द्यावयास हवें. कन्नड तालुक्यांत सातमाळ्याच्या कुशींत असलेल्या पितळखोरें लेण्यांतील मलबा १९५० नंतरच्या दशकांत उपसला गेला, तेव्हां एक हंसरी, बुटकी यक्षमूर्ति मिळाली. सध्यां ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. तिच्यावरील लेखावरून ती कृष्णदास नांवाच्या सोनारानें केली, असें कळतें. सोनाराचा हात हलक्या आणि मोजक्या घावांचा. लहान वस्तूंवर, लहान हत्यारानें आणि थोड्या बळानें ज्यानें हात वळविला, त्यालाच पुढें दगडाचा भरंवसा येतो, असें ती मूर्ति पाहून वाटतें.

३

आतां प्रत्यक्ष खोदकामाकडे वळूं. पूर्ण झालेलें लेणें आपली रीत सांगत नाहीं, कारण शेवटचा घाव आधींच्या सर्व घावांच्या खुणा पुसतो. रीत सांगतात तीं अपुरीं लेणीं. अजिंठ्याचें २४ वें लेणें मोठ्या विहाराच्या बेतानें आरंभलेलें आणि अर्धवट राहिलेलें आहे. २९ वें तर २० व २१ या लेण्यांच्या मध्यें उंचावर आहे, आणि चैत्यगृहाच्या खोदाईची केवळ पहिली पायरी त्यांत दिसते. वेरुळचें ३० वें, ज्याला छोटा कैलास म्हणतात, तेंहि पुरें झालें नाहीं. वाटाड्या अशा लेण्यांपाशीं थांबत नाहीं. अभ्यासकानें मात्र तेथेंच अधिक थांबावें.

तीं पाहिल्यावर तीन नियम ध्यानांत येतात.

पहिला नियम असा कीं काम वरून खालीं चालतें. लेण्याचें छत आधीं, मग खांबांचे माथे, मग मधला भाग, आणि शेवटीं जमीन. छत तासणारा मनुष्य खालच्या न खोदलेल्या खडकावर उभा असतो. म्हणजे पुढें जो खडक काढावयाचा तोच आज त्याची परांची होतो. कैलासाच्या बाबतींत हीच रीत उघड्या आभाळाखालीं चालविली. डोंगराच्या उतारावर तीन बाजूंनीं चर पाडून मधला खडक सुटा केला आणि शिखरापासून खालीं उतरत गेले. त्या अंगणाची लांबी सुमारें २७६ फूट, रुंदी १५४ फूट, आणि मागील कड्याची उंची १०७ फूट आहे. एवढ्या उंचीवर लांकडी परांची बांधून काम करावयाचें असतें तर किती माणसें पडलीं असतीं याचा विचार करावा. येथें पडण्यास जागाच नव्हती. जो तो आपल्या पायांखालच्या खडकावर उभा. शिवाय सर्व कामकरी जवळजवळ एकाच पातळीवर उतरत जात असल्यामुळें एकाच्या डोक्यावर दुसऱ्याची टाकी चालण्याचा प्रसंग कमी येई. माणिकावतीच्या कथेंत शिखर आधीं दिसलें, ही गोष्ट लोकांनीं नवल म्हणून सांगितली. वस्तुतः ती या पद्धतीची अचूक आठवण आहे.

दुसरा नियम असा कीं एकदम सगळें काढावयाचें नाहीं. आंत शिरतांना खडकांत समांतर बोळ पाडीत. दोन बोळांमध्यें भिंतीसारखा खडक उभा राही. मग ती भिंत फोडून काढीत, आणि जेथें खांब हवा तेथें तेवढा खडक सोडीत. यामुळें छताला आधार कधीं एकदम तुटत नाहीं, आणि खडकांत दोष असेल तर तो अरुंद बोळांतच कळतो.

तिसरा नियम शिक्षणाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा आहे. या बोळांमधल्या भिंती टाकून द्यावयाच्याच असल्यामुळें तेथें हात चुकला तरी कांहीं बिघडत नाहीं. नवशिक्यासाठीं याहून चांगली पाटी कोणती? आधीं टाकाऊ खडक, मग साधें सपाट छत व भिंत, मग वारंवार येणारी कमळाची पाकळी, मणिमाळ, हत्तींची रांग, आणि अखेरीस देवतेचें मुख, अशा चढत्या पायऱ्यांनीं हात तयार होत गेला असावा, असें मी अनुमान करतों. एकाच लेण्यांत एकच नक्षी शेंकडो वेळां येते. प्रेक्षकाला ती सजावट वाटते. शिक्षकाला ती पुस्ती दिसते. आम्ही मुलांकडून अक्षर गिरवून घेतों, तसें कोणीतरी या माणसांकडून पाकळी गिरवून घेतलेली आहे.

४

हत्याराविषयीं थोडें. मराठी ‘टाकी’ हा शब्द संस्कृत ‘टंक’ यापासून आला. गांवोगांव जात्यांना टाकी लावीत फिरणारे टाकारी हेहि याच शब्दाचे वारसदार. टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, ही म्हण आपण सर्व जाणतों. ती दगडाविषयीं बोलते. टाकी धरणाऱ्याच्या अंगठ्याविषयीं आणि डोळ्याविषयीं तींत कांहीं नाहीं.

वराहमिहिरानें मात्र हत्याराचा विचार बारकाईनें केला. बृहत्संहितेच्या दकार्गल प्रकरणांत विहीर खोदतांना आडव्या येणाऱ्या खडकाचे उपाय सांगितले आहेत. पळस व टेंभुर्णी यांच्या लांकडांचा जाळ करून शिळा लाल होईपर्यंत तापवावी आणि मग तीवर चुन्याचें पाणी शिंपावें, म्हणजे ती फुटते, हा एक. दुसरा उपाय टाकीला पाणी देण्याचा: रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची राख इत्यादींचा लेप लावून पाणी दिलेली टाकी दगडावर मोडत नाहीं, असें तो म्हणतो. या क्रियेला त्यानें ‘पान’ म्हटलें आहे, आणि आमचा लोहार आजहि हत्याराला पाणी पाजतो. लेपाचें गुणावगुण रसायनज्ञांनीं पाहावे. मोडलेली टाकी ही केवळ वस्तूची हानि नसून तिचा तुकडा डोळ्यांत जातो, हें मात्र प्रत्येक पाथरवट जाणतो.

वरील दोन उपाय एकाच प्रकरणांत असले तरी त्यांचें क्षेत्र निरनिराळें आहे. जाळानें दगड फोडणें विहिरीला ठीक. पण ज्यांतून मूर्ति काढावयाची त्या दगडाला असा ताप दिला तर आंतल्या आंत न दिसणाऱ्या चिरा पडतात, आणि त्या पुढें मूर्तीच्या गळ्यांत किंवा शिल्प्याच्या पायावर प्रकट होतात. म्हणूनच शिल्पग्रंथांत शिलापरीक्षेला इतकें महत्त्व आहे. ठोकली असतां घंटेसारखा नाद देणारी शिळा ती पुंशिळा, झांजेसारखा देणारी ती स्त्रीशिळा, आणि निर्नाद ती नपुंसक, असे भेद ग्रंथकारांनीं केले. मूर्तीच्या लिंगाशीं त्यांनीं त्यांचा संबंध जोडला तो श्रद्धेचा भाग झाला. पण भेगाळलेला दगड बद्द वाजतो ही गोष्ट कोणीहि हातोडीनें पडताळून पाहूं शकतो. कानानें दगड वाचणें हा शिल्पविद्येचा पहिला धडा होय.

पुढचे धडे जगांत सर्वत्र सारखेच आहेत, कारण दगड आणि हाड सर्वत्र सारखेंच. टाकी फार उभी धरली तर दगड आंतून दुखावतो व चुरा होतो; फार आडवी धरली तर ती निसटते व बोटें ठेंचतात. घाव नेहमीं कडेकडून आंत न्यावा. आंतून कडेकडे नेला तर कड तुटते. नजर टाकीच्या टोंकावर असावी, डोक्यावर नव्हे. मूठ घट्ट आवळूं नये. आवळलेल्या मुठींत घावाचा धक्का मनगटांत उतरतो. टाकीचें डोकें घाव खाऊन पसरतें आणि त्याच्या कडा सुटून उडतात, म्हणून तें वरचेवर घासून साफ करावें. ज्या नियमांनीं दगड वांचतो त्याच नियमांनीं मनुष्य वांचतो. ते दोन निराळे अध्याय नव्हेत. माझ्या मतें या विद्येचें मर्म हेंच आहे. सुरक्षिततेचा उपदेश शेवटीं जोडावयाचें परिशिष्ट नसून ती कामाच्या क्रमांतच विणलेली होती.

५

या पद्धतीचें वर्णन करतांना ती निर्दोष होती असा भास होऊं नये. सह्याद्रीचा काळा खडक लाव्ह्याच्या एकावर एक थरांनीं बनलेला आहे. दोन थरांच्या सांध्यावर ठिसूळ माती असते, भेगांतून पाणी झिरपतें, आणि वरून एकसंध दिसणारा खडक आंत दगा देतो. अजिंठ्याचें ४ थें लेणें, जें तेथील विहारांत सर्वांत विशाल, त्याचें छत अशाच एका थराच्या दोषामुळें खोदकाम चालू असतांना कोसळलें, असें वॉल्टर स्पिंक यांनीं दाखविलें आहे. पुढें छत आणखी उंच खोदून काम चालू ठेविलें. त्या वेळीं खालीं कोण होते, याची नोंद कोणत्याहि दात्यानें केली नाहीं. कैलासांतहि मुख्य मंदिरापासून बाजूच्या लेण्यापर्यंत गेलेला दगडी पूल तुटून पडला आहे. विद्या कितीहि पक्व असो, डोंगराच्या पोटांतलें सगळें तिला दिसत नाहीं.

वेरुळच्या १० व्या लेण्यासंबंधीं एक आख्यायिका जुन्या प्रवासवर्णनांत नोंदलेली आहे. या चैत्यगृहाला विश्वकर्मा किंवा सुताराची झोपडी म्हणतात, आणि सुतार लोक तेथील बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून पूजीत असत. मूर्तीची मुद्रा धर्मोपदेशाची आहे. एका हाताचीं बोटें दुसऱ्या हाताच्या बोटाशीं भिडलेलीं आहेत. भाविक कारागिरांनीं तिचा अर्थ असा लाविला कीं काम करतांना विश्वकर्म्याचें बोट दुखावलें, तें त्यानें धरून ठेविलें आहे. मूर्तिशास्त्राच्या दृष्टीनें हा अर्थ चुकीचा आहे, हें सांगावयास नको. परंतु तो सुचला कोणाला, हें पाहावें. ज्यांचीं बोटें रोज पणाला लागत, त्यांनींच आपल्या देवाच्या हातांत जखम पाहिली. कारागिराच्या जीवनाविषयीं ताम्रपटांतल्या श्लोकांपेक्षां या चुकीच्या अर्थांत अधिक सत्य आहे.

६

एक शत्रु मात्र असा होता कीं तो ना कानाला कळे, ना डोळ्याला: धूळ. मीं वाचलेल्या शिल्पग्रंथांत शिळेची परीक्षा आहे, मुहूर्त आहे, हत्यारांची पूजा आहे. श्वासाचा विचार आढळला नाहीं. पश्चिमेकडे इटलींत रामात्सिनी या वैद्यानें १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यांत पाथरवट व मूर्तिकार यांच्या छातींत दगडाचे सूक्ष्म कण जाऊन खोकला व दमा जडतो, असें नमूद केलें. पुढें या रोगाला सिलिकोसिस हें नांव मिळालें. भारतांत १९४८ च्या कारखाना कायद्यानें त्याला सूचना देण्याजोग्या रोगांच्या यादींत घातलें. गारगोटीच्या जातीची धूळ जेव्हां इतकी बारीक होते कीं ती डोळ्यांना दिसतहि नाहीं, तेव्हां ती फुप्फुसाच्या तळापर्यंत पोंचते, तेथें व्रण करते, आणि तो व्रण भरून येत नाहीं. या रोगावर बरें करणारें औषध नाहीं. तो टाळणें हाच उपाय.

सर्व दगड या बाबतींत सारखे नाहींत. वाळूच्या दगडांत गारगोटीचा अंश फार मोठा असतो, ग्रॅनाइटांत चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक, संगमरवरांत अत्यल्प. वेरूळ-अजिंठ्याच्या काळ्या खडकांतहि तो थोडाच आहे. मात्र त्याच्या पोकळ्यांतून गारगोट्या व अकीक भरलेले असतात. कैलास उघड्यावर खोदला गेला आणि टाकीच्या घावानें दगडाच्या कपच्या उडतात, पीठ थोडें होतें, या दोन गोष्टींनीं तेथील माणसांना वारा तरी मिळाला असेल. बंद विहारांच्या कोठड्यांत, दिव्याच्या उजेडांत बसून जे घासकाम करीत, त्यांच्याविषयीं असें म्हणवत नाहीं.

७

हा सर्व इतिहास सांगण्याचें प्रयोजन केवळ कुतूहल नव्हे. १८५७ सालीं मुंबईस जे. जे. कलाशाळा निघाली, आणि शिल्पशिक्षणाचा मार्ग बदलला. ओली माती आधीं, मग प्लास्टरचा साचा, आणि दगड सर्वांत शेवटीं, असा नवा क्रम आला. गणपतराव म्हात्रे यांची १८९६ ची ‘मंदिरपथगामिनी’ ही याच शाळेंतील शिक्षणाचें फळ, आणि ती प्लास्टरची आहे. हा बदल शिकणाऱ्याच्या हिताचाच झाला. माती चूक पोटांत घालते. चुकलेलें नाक पुन्हां बसवितां येतें. अर्थात् मातीलाहि नियम आहेत. वाळलेल्या मातीची धूळ झाडूनें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. आणि प्लास्टर घट्ट होतांना चांगलेंच तापतें, म्हणून त्यांत हात बुडवून ठेवूं नये, कातडी भाजते. पण क्रमाचें तत्त्व तेंच राहिलें: ज्यांत चूक खपते तेथून आरंभ.

खरा खंड पडला तो विजेच्या चक्रीनें. जें काम टाकीनें आठ दिवसांचें, तें चक्री एका दिवसांत करते. तिचा द्वेष करण्याचें कारण नाहीं. उद्यां कोकस आला तर तोहि ती हातीं घेईल. पण टाकीच्या घावानें कपची उडते आणि चक्रीनें पीठ होतें. आणि चक्रीला गुरूचें अंतर लागत नाहीं. ती पहिल्या दिवशींच नवशिक्याच्या हातीं देतां येते, आणि दिली जाते. दोरी, कान, टाकाऊ खडक, पाकळी, या पायऱ्या गाळून तो एकदम मुखापाशीं येतो. त्याचें तोंड रुमालानें बांधलेलें असतें, आणि रुमालाच्या विणींतून ती अदृश्य धूळ सहज आंत जाते, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. वेरुळला कमींत कमी हवा तरी मोकळी होती.

तेव्हां जुन्या परंपरेचा जो सारांश आजच्या शिकणाऱ्याला उपयोगी पडेल, तो थोडक्यांत असा. दगड प्रथम वाजवून पाहावा. भेगाळलेला असेल तर सोडून द्यावा. वजनदार दगड खालीं पक्का बसविल्यावांचून टाकी उचलूं नये. आधीं सूत धरून रेघ मारावी. पहिले कांहीं महिने टाकाऊ तुकड्यावर हातानेंच काम करावें. काम वरून खालीं न्यावें, आणि आधाराचा भाग शेवटीं काढावा. या परंपरेला जें ठाऊक नव्हतें, तें आपल्याला ठाऊक झालें आहे. तें तिच्यांत मिळवावें. डोळ्यांवर चष्मा असावा. चक्री लावावयाचीच तर तिच्या योग्य अशा यंत्रानें दगडावर सतत पाणी सोडून, किंवा धूळ जागच्या जागीं ओढून घेणारी सोय करून, उघड्यावर लावावी. आणि नाकावर रुमाल न बांधतां बारीक धूळ अडविणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मुखवटा घालावा. कामाचे कपडे घरांत झटकूं नयेत, नाहींतर तीच धूळ मुलाबाळांच्या श्वासांत जाते.

या लेखांतील अनुमानें तज्ज्ञांनीं तपासून पाहावीं. विशेषतः अपुऱ्या लेण्यांतील टाकीच्या खुणा मोजून, कोठें कच्चा हात आणि कोठें पक्का हात चालला आहे याचा नकाशा कोणी तरुण अभ्यासकानें केला, तर शिल्पशिक्षणाचा इतिहास आज आहे त्याहून पुष्कळ पुढें जाईल. तोपर्यंत एवढें निश्चित म्हणतां येतें कीं कैलास हा आठवड्याचा चमत्कार नव्हे. कोणाच्या तरी शेजारीं बसून शिकलेल्या, आणि शिकतां शिकतां वांचलेल्या, अनेक अंतेवासींचें तें काम आहे. त्यांचीं नांवें गेलीं. बलकाचें राहिलें, आणि त्यानें तें आपल्या गुरूच्या नांवामागें लिहून ठेविलें.